ओसरीतल्या खांबाला सांगायचं राहिलेलं

दुपारी फोन वाजला तेव्हा मी कपाटातले जुने कागद वर्षांप्रमाणे लावत बसले होते. ब्राह्मणपुरीहून अशोक बोलत होता. "सुमनआत्या, आई गेली. सकाळी चहा घेतला, ओसरीत खांबाला टेकून बसली, आणि तशीच..." मी त्याला दोन शब्द सांगितले, फोन ठेवला आणि पुन्हा कागद लावायला बसले. बातमी कितीही मोठी असली तरी हातातलं काम अर्धवट टाकायचं नाही, ही माझी जन्माची खोड. एक्केचाळीसचे कागद बेचाळीसच्या गठ्ठ्यात गेले, तेव्हा कुठे कळलं की मला काही दिसत नाही.

यमुनावहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची बायको. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. पोरांनो, तुम्ही तिला एकदाच पाहिलंत, आणि तेव्हा तिच्या मिश्रीने काळ्या झालेल्या दातांना हसलात. रेवा, दोन वर्षांपूर्वी तू तुझ्या शाळेच्या प्रकल्पासाठी मला विचारलं होतंस, "आजी, युद्धाच्या वेळी तुम्हालाही घर सोडावं लागलं होतं ना? कसं वाटलं?" मी उत्तर दिलं होतं, "मामाच्या गावी राहिलो, टरबुजं खाल्ली, मजा आली." ते तू लिहून दिलंस आणि तुला त्यावर शाबासकीही मिळाली. आता ते उत्तर मी मागे घेते. खरं उत्तर हे आहे, आणि ते वहिनीच्या जाण्याशी जोडलेलं आहे, म्हणून इथे लिहिते.

वहिनीच्या उत्तरकार्याला, तिकडच्या भाषेत गंधमुक्तीला, मी गेले. अंगणात मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. एका मोठ्या फलकावर वहिनीचा फोटो आणि खाली रंगीत अक्षरांत लिहिलेलं, की युद्धकाळात मुंबईच्या निर्वासितांना पोटाशी धरणारी माउली हरपली. तालुक्याचे एक पुढारी बोलायला उभे राहिले. वहिनीला त्यांनी आयुष्यात पाहिलं असेल-नसेल, पण या घराने त्या काळात अकरा जीवांना कसा आसरा दिला, वहिनीच्या सासऱ्यांचं, आबांचं, मन केवढं मोठं, सूनबाईंनी कशा भाकरी थापल्या, हे त्यांनी डोळे पुसत सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. मला शिसारी आली. शिसारी त्यांची नाही. ते बिचारे ऐकलेलंच बोलत होते. शिसारी आली ती त्या अकरा जीवांची. त्यातली मी एक होते, आणि आज जिवंत असलेली एकटीच.

रंगूनवर बाँब पडल्याची बातमी आली त्या हिवाळ्यात आमच्या गिरगावातल्या चाळीत दोन तट पडले होते. एक तट म्हणे, आता मुंबईची पाळी, बायकापोरांना बाहेर काढा. दुसरा म्हणे, पळतात ते भित्रे. माझे वडील दुसऱ्या तटातले. ते कचेरीत कारकून होते आणि कचेरी सोडून जाणं त्यांना शक्यही नव्हतं. त्यामुळे त्यांचं शौर्य किती आणि नाइलाज किती हे मला आजही सांगता येत नाही. आई पहिल्या तटातली. "तुम्ही राहा तुमच्या टेबलापाशी. मी पोरीला घेऊन दादाकडे जाते," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, ब्राह्मणपुरीचे आमचे आबामामा. आम्ही निघतोय म्हटल्यावर चाळीतली आणखी दोन कुटुंबं आमच्या पदराला धरून आली. सगळ्या बायका आणि मुलं. पुरुष मागे, कामावर. नंदुरबारपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, प्रकाशाला तापी नावेतून ओलांडली. मी सोळा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गातली, ट्रंकेत इंग्रजी पुस्तकं आणि आरोग्यशास्त्राच्या परीक्षेत पहिली आले म्हणून मिळालेलं प्रशस्तिपत्र. ते सोबत कशाला घेतलं होतं, देव जाणे. बाँबपासून वाचवण्यासारखं तेच वाटलं असावं.

आबांचं घर धाब्याचं, मातीच्या छपराचं, थंडगार. ओसरीत मधोमध सागाचा एक जाड खांब. पहिल्याच संध्याकाळी मी जे ऐकलं त्याने मला हसू आवरेना. खांबाच्या अलीकडे आबा झोपाळ्यावर बसलेले, पलीकडे डोक्यावरून पदर ओढून वहिनी उभी, आणि ती खांबाशी बोलत होती. "खांबबा, आबास्ले सांग, जेवन तयार शे." आबा तितक्याच गंभीरपणे खांबाकडे पाहून म्हणाले, "खांबबा, सूनले सांग, पाव्हणास्ले पहिले वाढ." सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत. सासू हयात नव्हती, नवरा दिवसभर शेतात, तेव्हा मधला माणूस कोण? तर खांब. मी आत जाऊन वहिनीला म्हटलं, "खांब निरोप पोचवतो का गं?" ती खळखळून हसली. बावीस वर्षांची होती, उंच, रुंद हाडाची. "पोचाडस ना! आनि मन्हापेक्षा त्यानं जास्त ऐकतस आबा. तो कधी उलट बोलत नही ना."

गावात आम्हाला 'बामवाला पाव्हणा', म्हणजे बाँबवाले पाहुणे, म्हणत. पहिले आठ दिवस आमचं कौतुक झालं. मग आमच्या तक्रारी सुरू झाल्या. मी त्या जशाच्या तशा लिहिते, कारण त्या आठवल्या की मला आजही तोंड धुवावंसं वाटतं. घरात गुरांचा वास येतो. भाकरी घशाखाली उतरत नाही. मिरचीचा ठसका लागतो. आणि सर्वांत मोठी तक्रार, पहाटे लोटा घेऊन शेतात जाणं आम्हाला जमत नाही. गावच्या बायका वर्षानुवर्षं अंधारात उठून जात होत्या, त्यांचं काय, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या मनातही आला नाही. आई आबांपाशी रडली. "दादा, आम्हाला जरा मोकळी जागा दे. ते खळ्यावरचं घर आहे ना, विहिरीजवळचं..."

खळ्यावरच्या त्या दोन खोल्यांत उखा राहत होता. उखा आबांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, भिल्ल. त्याची बायको भुरी आणि पाच वर्षांची सोनकी. घरी ती भिलीत बोलत, आमच्याशी अहिराणीत. भुरीने त्या भिंती स्वतः लिंपलेल्या, दारावर हाताचे ठसे उठवलेले.

रोज चार वाजता शहाद्याहून इंग्रजी वर्तमानपत्र येई आणि ओसरीत जमलेल्या मंडळींना मी ते मराठीतून वाचून दाखवत असे. माझा तो मानाचा तास. लोकांनी शहरं सोडावीत की सोडू नयेत यावर रोज काही ना काही छापून येई, आणि ओसरीत त्यावरून भांडणं होत. कुणी म्हणे, सरकार आपली माणसं आधी हलवणार आणि आपल्याला मरायला ठेवणार. कुणी म्हणे, पळून पळून जायचं कुठे, जपानी काय फक्त मुंबईवर रागावलाय? एके दिवशी मी वाचलं, की शहराच्या कामाला ज्यांची गरज नाही अशा लोकांनी बाहेर जावं, गरजेच्या लोकांनी थांबावं. आबा झोपाळा थांबवून म्हणाले, "हाई बरोबर शे. गरजना मानूस ठेवा, बाकीना हालावा." दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच न्याय खळ्यावर लावला. उखा गरजेचा, कारण बैल, मोट. भुरी आणि सोनकी पेरणीपर्यंत बिनगरजेच्या. नदीच्या पात्रात आबांची टरबुजांची वाडी होती, राखणीचा मांडव होता. त्यांनी तिथे जाऊन राहायचं, चार दिवसांचा तर प्रश्न. आबांना यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटतं, त्यांना ते शिस्तीचं वाटलं असावं. आणि खरं सांगते, मला अभिमान वाटला, की माझ्या वाचनावरून निर्णय झाला.

त्या संध्याकाळी वहिनी खांबामागे आली. "खांबबा, आबास्ले सांग, ज्या बामना भ्यावथीन पळनात त्यास्ले जागा देवो. पन ज्यास्वर बाम नही त्यास्ले कशाले उठाडतस?" आबा हसले. "खांबबा, सूनले सांग, चूल जळी ऱ्हायनी, तिकडे देख."

भुरी डोक्यावर गाडगी-मडकी घेऊन निघाली तेव्हा मी खळ्याच्या दारात ट्रंक ठेवून उभी होते. ती थांबली आणि मला विचारलं, "बाई, बाम कसा ऱ्हास?" मी तिला शाळेतल्या बाईच्या थाटात समजावलं, विमान, स्फोट, आग. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हनजे वरथीन येस. आम्हले वाटनं, गाडीमा बसीसन येस." आणि तिच्यासोबतची बाई फस्सकन हसली. मी रागावले. तो टोमणा होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आम्ही खळ्यावर राहायला गेलो. आईने पहिल्या दिवशी भिंती चुन्याने पांढऱ्या करून घेतल्या, दारावरचे हाताचे ठसे पुसले. भुरी तोवर खळ्याच्या विहिरीवर पाणी भरत असे. आता आमच्यातल्या एका बाईने सांगितलं, तिच्या घागरी इथे नकोत. तेव्हापासून त्या मायलेकी नदीच्या वाळूत झिरा खणून, म्हणजे हातभर खड्डा करून त्यात पाझरेल तेवढं पाणी पिऊ लागल्या. आणि आमच्यासाठी आबांनी नाल्याच्या काठावर संडास बांधून दिला. खाली खड्डा, वर चार फळ्या, भोवती तट्ट्या. आमच्या न्हाणीचं पाणीही त्यातूनच सोडलं, म्हणजे सगळं आपोआप वाहून जाईल. नाला पुढे दोनशे पावलांवर नदीला मिळत होता. मिळत होता तिथून जरा खाली टरबुजांची वाडी.

मी हे पहिल्याच आठवड्यात पाहिलं. वाळू ओली झालेली, हिरवट. माशा. नाकाला पदर लावून आमच्या बायका तिकडून परत येत आणि म्हणत, "शी, या भिल्लांच्या वस्तीला केवढा वास!" वास आमचाच होता, पोरांनो. आमच्या पोटातला.

आरोग्यशास्त्राच्या पुस्तकातलं ते पान मला चित्रासकट पाठ होतं. घाण कुठे, पाण्याचा साठा कुठे, दोहोंत अंतर किती. पटकी कशी पसरते. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "मंग आबास्ले सांग ना. तू त्यास्ले रोज पेपर वाचीसन दाखाडस. तुन्हं ऐकतीन."

"मी? वहिनी, असलं काही मी मोठ्या माणसांसमोर कसं बोलू?"

"असलं म्हनजे कसलं?"

मला तो शब्द तिच्यासमोरही उच्चारता येईना. इंग्रजीत मी त्यावर उत्तर लिहून पहिली आले होते. पण ओसरीत, आठ पुरुषांसमोर, चांगल्या घरच्या मुलीने संडास असं म्हणायचं? वहिनी तव्यावरची भाकरी उतरवून, हात पुसून, पदर ओढून बाहेर गेली.

"खांबबा, आबास्ले सांग, पाव्हणास्ना संडासनं पानी नालामाईन झिरामा जास. उखानी पोरगी तेच पानी पेस."

ती बोलली तो शब्द, भर चारच्या बैठकीत. माझी आई लाजेने लाल झाली. एकाने खाकरून तोंड फिरवलं. आबा म्हणाले, "खांबबा, सूनले सांग, वाळूमाईन पानी गाळाईसन येस. आम्हना बाप बी तेच पेत उना." आणि मग ते माझ्याकडे वळले. माझ्याशी ते थेट बोलत. मी भाची, आणि शिकलेली. "का वं सुमन? तुन्ही इंग्रजी शाळामा असं काही शिकाडतस का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. वहिनी खांबामागे, तिचा एक हात खांबावर, बोटांना पीठ लागलेलं. आईने मला डोळ्यांनी दटावलं. त्या एका क्षणात मी पुष्कळ विचार केला, उगीच का मला हुशार म्हणत. खरं सांगितलं तर संडास बंद होईल, खळं सोडावं लागेल, पुन्हा त्या गुरांच्या वासाच्या खोलीत...

"मला नीट आठवत नाही, आबा," मी म्हणाले.

"देख खांबबा," आबा हसून म्हणाले, "शिकेल पोर काय म्हनी ऱ्हायनी." मंडळी हसली. खांबावरचा हात निघून गेला.

त्यानंतर वहिनीने तिच्यापरीने काय करायचं ते केलं. रोज दुपारी घरच्या रांजणातली एक घागर भरून ती उन्हातून नदीवर नेऊन देऊ लागली. पण बावीस वर्षांची सून रोज नदीवर भिल्लाच्या मांडवात जाते म्हटल्यावर गावात कुजबुज झाली आणि नवऱ्याने ते बंद केलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस उरले असताना सोनकीला हगवण लागली. भुरीने कांद्याचा रस दिला. उखाने शहाद्याला न्यायला गाडी मागितली. आबांनी ताबडतोब दिली, तेवढं मी त्यांच्या बाजूने लिहीन. गाडी जुंपेपर्यंत पोर गेली होती.

आखाजीच्या दिवशी गाव गजबजलेलं. माहेरवाशिणी आल्या होत्या, झाडांना झोके बांधलेले, घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याच्या नव्या घागरी भरून पुजलेल्या. आमच्याकडेही. सालदाराचं साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. उखा आला आणि म्हणाला, औंदा ऱ्हात नही. भुरी त्याच्या मागे उभी होती. तिने आबांना एकच विचारलं, "आबा, मुंबईवर बाम पडना का?"

"नही, माय," आबा म्हणाले.

"बरं जयं," ती म्हणाली. आणि दोघं म्हसावदच्या वाटेने निघून गेली. पुढे त्यांचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. कुणी शोधलंही नाही.

ती वेशीपलीकडे गेल्यावर वहिनी घरातून बाहेर आली. हातात कुदळ, डोक्यावर पदर नाही. ओसरीतल्या पुरुषांच्या समोरून ती तशीच खळ्यावर गेली, तट्ट्या ओढून काढल्या, फळ्या नाल्यात फेकल्या, आणि भर उन्हात एकटीने तो खड्डा मातीने बुजवला. कुणी अडवलं नाही. परत आली तेव्हा ती पायापासून कमरेपर्यंत माखली होती. आमच्या बायका नाकाला पदर लावून बाजूला झाल्या. मीही झाले.

त्या दिवसापासून ती खांबाशी बोलली नाही. आबा पुढे अठरा वर्षं जगले. ते झोपाळ्यावरून म्हणत, "खांबबा, सूनले सांग, पानी दे," आणि पाणी येई. "खांबबा, सूनले सांग, अंग दुखस," आणि तेल कोमट करून येई. शेवटच्या आजारात तिने त्यांचं सगळं काढलं, बेडपॅनसुद्धा. पण खांबामागून एक शब्द आला नाही. अशोक सांगतो, शेवटी शेवटी आबा खांबाला नुसतं "बोल ना रे" म्हणत.

आम्ही पावसाळ्याआधीच मुंबईला परतलो. चाळ होती तिथेच होती. वडील म्हणाले, "म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली, "वेळ काय सांगून येते?" तो वाद त्यांनी मरेपर्यंत चवीने केला. चाळीत संध्याकाळी ब्राह्मणपुरीच्या गमती रंगत, मिरचीचा ठसका, लोटा, बोलका खांब. लोक पोट धरून हसत. मीही त्या सांगितल्या. सोनकी कुठल्याच गमतीत आली नाही. रेवा, तुझ्या प्रकल्पात जी टरबुजं आली, ती त्याच वाडीतली.

तू विचारलंस म्हणून सांगते. घर सोडून जाणं चूक होतं का, हे मी आजही ठरवू शकत नाही. रंगूनहून चालत निघालेली माणसं वाटेत मेली, आणि न निघालेलीही मेली. आईची भीती खरी होती. पण निघालेला माणूस कुठेतरी पोचतो, आणि तिथे आधीच कुणीतरी राहत असतं. आमच्या त्या दोन तटांच्या भांडणात हे कुणीच बोललं नाही. बोलली ती निरक्षर वहिनी, तीही एका लाकडाशी.

मी पुढे शिक्षिका झाले, तीस वर्षं आरोग्यशास्त्रही शिकवलं. वहिनीकडे वर्षा-दोन वर्षांनी जात राहिले. ती मला कधी टाकून बोलली नाही. पुरणपोळी करी, शेंगा बांधून देई. दोन वर्षांपूर्वी, तुझा प्रश्न येऊन गेल्यावर, मी धीर करून म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी आबांना जे म्हणाले..." तिने हातानेच थांबवलं. "तू मन्हासंगे खोटं बोलनी का? नही ना. मंग माले कशाले सांगस?" आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला.

गंधमुक्तीला पुढाऱ्यांचं भाषण संपलं, तेव्हा अशोक माझ्यापाशी आला. "आत्या, त्या वेळच्या तुम्हीच एक राहिलात. दोन शब्द बोला." माईक ओसरीत, खांबाला लागूनच उभा केला होता. मी गेले. झोपाळा केव्हाच काढलाय, तिथे आबांचा हार घातलेला फोटो आहे. खांब तोच. आता त्यावर ऑइलपेंटचा हात मारलाय, पण एका जागी, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर, रंग टिकत नाही. तिथे लाकूड काळं, गुळगुळीत झालंय. खांबाशी बोलणं सोडल्यावरही ती रोज तिथे हात टेकून उभी राहायची, म्हणे.

मी तिथे हात ठेवला. आठवणी सांगायला म्हणून लोक सरसावून बसले.

"खांबबा," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला मांडवभर ऐकू आला, "आबांना सांग, मला आठवत होतं. संडासाचं पाणी झिऱ्यात जातं, हे मला शाळेत शिकवलं होतं. चित्रासकट आठवत होतं."

मांडवात चुळबूळ झाली. कुणीतरी हळूच म्हणालं, "वय जयं बाईनं." अशोकने मला धरून जेवणाच्या पंगतीकडे नेलं, आणि मागे पुढच्या वक्त्याने पुन्हा वहिनीने निर्वासितांसाठी थापलेल्या भाकऱ्यांपासून सुरुवात केली.